कारणाचा रकाना

पंचायतीचं दप्तर नव्या इमारतीत हलवताना
एक कोतवाल बुक चुकून उपकेंद्रात आलं,
लोहाच्या गोळ्यांच्या खोक्यावर ठेवून गेलं कुणी.
पाठ वाळवीनं खाल्लेली. आत मोडी.
मला मोडी येत नाही.
गुरव अण्णांनी वाचली,
चष्मा कपाळावर ढकलून, ओळीखालून नख फिरवत.

सन एकोणीसशे अठरा. आश्विन.
गोदू कोम तात्याबा, वय बावीस. कारण: ताप.
तिचंच तान्हं, नाव नाही. ताप.
रखमाजी लोहार. ताप.
पुढं पान भरून नुसतं सदर.
सदर, सदर, सदर.
आणि मग अक्षर बदललं.
अण्णा थांबले.
नव्या अक्षरातली पहिली नोंद
जुनं अक्षर लिहिणाऱ्याची होती:
दामोदर बल्लाळ कुलकर्णी, वय चाळीस.
सदर.

चावडीसमोर दगड आहे आमच्या.
या गावातून एकशे चार गडी
मोठ्या लढाईस गेले, पैकी एकोणीस पडले.
पंधरा ऑगस्टला त्याला हार असतो,
मीच झेंडूची फुलं मोजून आणते.
पण कुणाच्या तरी छातीत बसून
बसऱ्याहून मुंबईला,
मुंबईहून रेल्वेनं कोरेगावात
जे उतरलं, त्याचा दगडाला पत्ता नाही.
आम्ही दोघांनी बोटांवर मोजलं:
एका महिन्यात सत्त्याहत्तर.
गोदूनं बंदूक पाहिली नसेल.
तिनं फक्त
आलेल्या माणसाला पाणी दिलं असेल.

मंगळवार बीपीचा.
हवालदार जोत्याजी भोईटे डावा कान पुढं करून बसतात,
उजवा कारगिलला राहिला म्हणतात, आणि हसतात.
दिवाळीत चार दिवस ते माळावरच्या खोपीत असतात.
"कुत्रं भितंय फटाक्याला, त्येला सोबत."
कुत्रं मेलं, त्याला तीन वर्षं झाली.

सगुणाबाईंचं एकशे सत्तर-शंभर.
झोप लागते का?
"त्यास्नी लागली, की लागती."
फॉर्मवर दोनच चौकोन आहेत,
होय आणि नाही.
थोरला लेहकडं आहे.
पट्टा दंडाला असताना फोन वाजला,
माझ्या डोळ्यांसमोर पारा चढला,
आणि तो गॅसवाल्याचा होता.

एकदा धीर करून विचारलं,
काका, लढाई होती कशानं?
ते बराच वेळ पट्टीकडं बघत राहिले,
भिंतीवरल्या, पोरांची उंची मोजायच्या.
"त्ये आमास्नी कुठं सांगितलं?
आमची उंची इचारली.
छाती मोजली,
फुगवून किती, न फुगवता किती."

मीही मोजतेच.
वजन, हिमोग्लोबिन, दंडाचा घेर.
महिन्याच्या पाच तारखेला तालुक्याला पाठवते.
कारणाचा रकाना एवढासा,
त्यात मावेल तेच कारण धरायचं.
भोईटे काका गेले संक्रांतीच्या आधी.
मी सदर लिहिलं,
ते का लिहिलं ठाऊक नाही.
मग खोडलं, आणि हृदयविकार लिहिलं,
खाडाखोडीबद्दल साहेब बोलले.

पहाटे चारला डांबरीवरून पोरं पळतात.
जरंडेश्वराचा डोंगर अजून काळाच असतो,
आणि बुटांचा आवाज
वसनेच्या पुलापर्यंत जाऊन परत येतो.
काल त्यातलाच एक आला दारात,
सगुणाबाईंचा धाकटा, घामानं भिजलेला,
खोकत.
"मॅडम, औषध द्या काहीतर.
सोमवारी भरती हाय,
तितं खोकून चालायचं न्हाई."

स्टेथोस्कोप पाठीला लावला.
कोतवाल बुक अजून खोक्यावरच होतं,
परत न्यायला कुणी आलेलं नाही.
श्वास घे, म्हटलं.
त्यानं छाती फुगवली, पार ताठ,
खांदे मागं, नजर समोर,
मी टेप घेऊनच उभी असल्यासारखी.
अरे तसा नाही, म्हटलं,
साधा घे.